रंधा... जरा जपून!

वीकेंडला तोच मॉल, तीच कॉफी... बोअर झालं ना? मग सुतारकाम ट्राय करणाऱ्या गँगमध्ये तुमचं स्वागत! जुन्या वाड्यातून निघालेल्या सागवानी फळीचं, स्वतःच्या हाताने केलेलं बुकशेल्फ हॉलमध्ये उभं असलं की त्याची शान काही औरच. फळी गुळगुळीत करायला मदतीला येतो इलेक्ट्रिक रंधा, म्हणजेच प्लॅनर. दिसायला अगदी इस्त्रीसारखा. पण इस्त्रीइतका साधा नाही, बरं का!

आत चालतं काय?

प्लॅनरच्या तळाशी एक गोल ड्रम असतो. त्यावर समोरासमोर बसवलेली, साधारण ८२ मिलिमीटर रुंदीची दोन पाती. हा ड्रम मिनिटाला १६,०००च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे लाकडावर सेकंदाला पाचशेहून जास्त घाव!

आता खरी गोम ऐका. सुताराचा हातरंधा हात थांबला की थांबतो. प्लॅनरचं तसं नाही. बटण सोडलं तरी ड्रम काही सेकंद गरगरत राहतो. बंद केलेला पंखा फिरताना निदान दिसतो तरी. इथे पाती तळाशी, नजरेआड. काम झालं म्हणून आपण निवांत होतो, प्लॅनर मांडीवर टेकवतो, नाहीतर भुशाच्या तोंडात बोट घालतो. घात होतो तो तेव्हाच.

म्हणून या टिप्स पक्क्या लक्षात ठेवा:

प्लग आधी, हात नंतर : पाती बदलायची असो की अडकलेले छिलके काढायचे असोत, आधी प्लग काढा. छिलके काठीने काढा, बोटाने नाही.

थांबू द्या, मग ठेवा : ड्रमचा आवाज पूर्ण बंद होईपर्यंत प्लॅनर दोन्ही हातांत धरा. बऱ्याच मॉडेल्सना मागे छोटा पाय असतो, त्यामुळे पाती टेबलापासून वर राहतात. तरीही घाई नकोच. वायर खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे ती पात्याखाली येणार नाही.

फळी हातात नको : एका हातात फळी, दुसऱ्या हातात प्लॅनर? चुकूनही नाही! फळी क्लॅम्पने टेबलाला घट्ट आवळा. प्लॅनरचा पुढचा तळ फळीवर टेकवा, पण पाती लाकडाला लागू देऊ नका. चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या आणि मगच पुढे ढकला. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या.

थोडं थोडं : एका फेरीत अर्धा मिलिमीटर पुरे. जास्त खोल गेलात की मशीन झटका देतं. लाकूड उचकटायला लागलं, तर फळी फिरवून उलट्या बाजूने रंधा मारा.

खिळे शोधा : जुन्या लाकडात तुटलेले खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवा. पण पितळी खिळा चुंबकाला लागत नाही, तेव्हा डोळे उघडे ठेवा. जुन्या रंगावर तर प्लॅनर चालवूच नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं.

स्टाइल नंतर : ओढणी, सैल बाह्या, ब्रेसलेट, मोकळे केस... सगळं आवरा. सैल हातमोजेसुद्धा नकोत, ते पात्यात ओढले जातात. गॉगल आणि कानात इअरप्लग मस्ट! लाकडाची धूळ हे कॅन्सरचं कारण ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय. तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि काम हवेशीर जागी करा.

आणि हो, सोसायटीची दुपारची झोप मोडू नका!

पहिली प्रॅक्टिस टाकाऊ फळीवर करा. जमल्यास ओळखीच्या सुतारकाकांना शेजारी उभं करा. हात कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, हे ते बघताक्षणी सांगतील. बाकी बटण सोडल्यावरचे ते काही सेकंद तेवढे सांभाळा. शेल्फ झाल्यावर पुस्तकं लावायला दहाही बोटं लागणार आहेत, बॉस!