डॉक्टर बोलवा की डॉक्टरांना बोलवा? वाक्यांच्या मोजणीचे शास्त्र

सहज बोलताना माणूस एका सेकंदात साधारण दोन ते तीन शब्द उच्चारतो, आणि तेवढ्या अवधीत सांगायचा आशय ठरवणे, त्याला साजेसे शब्द शोधणे, त्यांना विभक्तीचे प्रत्यय लावणे आणि त्यांचा क्रम बांधणे ही सारी कामे तो नकळत उरकतो. मनात हे नेमके कसे घडते, हे बोलणाऱ्याला विचारून कळत नाही, कारण त्याचे त्यालाही ते ठाऊक नसते. म्हणून गेल्या काही दशकांत भाषाविज्ञानात एक वेगळी वाट रुळली आहे. लोकांनी खरोखर उच्चारलेली किंवा लिहिलेली हजारो वाक्ये गोळा करायची, एकच आशय दोन रीतींनी सांगता येत असताना कोणती रीत कधी निवडली गेली याची नोंद करायची, आणि त्या नोंदींवर संख्याशास्त्र चालवून निवडीमागची कारणे शोधायची, अशी ही पद्धत आहे. संगणकात साठवलेल्या आणि हवे ते शोधता येईल अशा रीतीने रचलेल्या या संग्रहाला भाषानिधी किंवा कॉर्पस म्हणतात.

मराठीत अशा निवडीचे उत्तम उदाहरण शाळेच्या व्याकरणातच सापडते. ‘त्याने मुलगी पाहिली’ हा कर्मणी प्रयोग आणि ‘त्याने मुलीला पाहिले’ हा भावे प्रयोग, एवढे बहुतेकांना आठवते. पण बोलणारा या दोहोंपैकी एक केव्हा आणि का निवडतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. ‘मुलगी पाहिली’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात पोह्यांचा कार्यक्रम उभा राहतो, तर ‘मुलीला पाहिले’ म्हणजे कोणा ठरावीक मुलीवर नजर पडली. घरात कोणाला ताप चढला तर ‘डॉक्टर बोलवा’ म्हणतात, तेव्हा कोणताही डॉक्टर चालणार असतो. ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हटले की नेहमीचे, ओळखीचे डॉक्टर अभिप्रेत असतात, आणि आदरही त्यात येतो. ‘उंदीर मारला’ म्हणजे तो मेला, यात शंका नाही, परंतु ‘गुरुजींनी मुलाला मारले’ यातला मुलगा जिवंत असतो, आणि तिथे ‘ला’ गाळला तर वाक्य खुनाचे होते. म्हणजे कर्म सजीव आहे की निर्जीव, ते ठरावीक आहे की कोणतेही, त्याचा उल्लेख आधी होऊन गेला आहे का, ते नाम आहे की सर्वनाम, आणि क्रियापद कोणते आहे, इतक्या गोष्टी एका लहानशा प्रत्ययामागे काम करतात.

वाक्य मनात कसे तयार होते, या दृष्टीने यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: ‘मुलगी’चे ‘मुली-’, ‘उंदीर’चे ‘उंदरा-’. प्रत्यय जरी शब्दाच्या शेवटी येत असला, तरी तो लावायचा की नाही हे ठरल्याशिवाय शब्दाचे योग्य रूप तोंडातून बाहेरच पडू शकत नाही. शिवाय याच निर्णयावर वाक्याच्या अखेरीस येणारे क्रियापद ‘पाहिली’ असे होणार की ‘पाहिले’ असे, हेही अवलंबून असते. तेव्हा मराठी बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्यावरच त्याच्या शेवटाची काही तजवीज करावी लागते. ही तजवीज कधी फसते, आणि मग ‘त्याने ती मुलगी, म्हणजे त्या मुलीला पाहिलं’ अशी मध्येच दुरुस्ती ऐकू येते. मनातला निर्णय कोणत्या क्षणी बदलला हे दाखवणारा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि छापील मजकुरातून तो संपादनात नेमका पुसला जातो.

आता इतकी कारणे एकाच वेळी हजर असताना त्यांतले खरे कारण कोणते, हे कसे ठरवायचे? हीच अडचण इंग्रजीच्या अभ्यासकांपुढे होती. इंग्रजीत ‘गिव्ह हिम द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टु हिम’ अशा दोन्ही रचना होतात. पहिल्या रचनेत घेणारा आधी येतो तेव्हा तो बहुधा सर्वनामाने दर्शवलेला, सजीव, आधी उल्लेख झालेला आणि शब्दसंख्येने आखूड असतो. पण सर्वनाम हे स्वभावतःच आखूड असते आणि आधी उल्लेख झालेल्या माणसासाठीच वापरले जाते, म्हणून ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. एकट्या आखूडपणाने सगळ्याचा उलगडा होतो, असे म्हणणारेही होते. जोन ब्रेझनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी लोकांच्या ध्वनिमुद्रित टेलिफोन संभाषणांच्या ‘स्विचबोर्ड’ या भाषानिधीतून अशी 2360 वाक्ये वेचली आणि त्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन हे तंत्र चालवले. दोन पर्यायांपैकी एक निवडला जाण्याची शक्यता प्रत्येक कारणामुळे किती वाढते किंवा घटते, हे या तंत्राने काढता येते; आणि मुख्य म्हणजे बाकीची कारणे स्थिर धरली असता एका कारणाचा स्वतःचा वाटा किती उरतो, तेही कळते. निष्कर्ष असा निघाला की ही कारणे एकमेकांची नुसती सावली नाहीत, प्रत्येकाचा स्वतंत्र प्रभाव आहे. दर वेळी अधिक प्रचलित रचनाच सांगितली असती तर 79 टक्के वाक्यांबाबत अंदाज बरोबर आला असता. या तंत्राने बांधलेल्या प्रतिमानाचा, म्हणजे मॉडेलचा, अंदाज 94 टक्के वाक्यांबाबत बरोबर आला.

टीकाकार विचारू शकतो की हे तर संग्रहाचे गणित झाले, माणसाच्या मनाचे कसे? त्यासाठी ब्रेझनन यांनी संभाषणातले उतारे वाचकांना दिले आणि पुढे दोन्हींपैकी कोणती रचना किती स्वाभाविक वाटते, याचे 100 गुण दोन्हींत वाटून द्यायला सांगितले. वाचकांनी दिलेले गुण प्रतिमानाने काढलेल्या शक्यतांशी बरेच जुळले. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांच्याही मनात व्याकरणाच्या नियमांबरोबर या शक्यतांचे भान असते, असा त्याचा अर्थ होतो. भाषेचे ज्ञान म्हणजे केवळ ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असे दोन कप्पे नव्हेत, हे मराठी व्याकरणाच्या चर्चेतही एकदा मनापासून मान्य व्हायला हवे.

या गणितात एक पथ्य मात्र पाळावे लागते. समजा, एखाद्या संग्रहात 300 वाक्ये आहेत आणि त्यांतली 200 एकाच आजोबांची आहेत. तर त्या संग्रहातून गावाची भाषा कळणार नाही, आजोबांची सवय कळेल. तसेच ‘बोलावणे’ हे एकच क्रियापद सतत आले, तर त्या क्रियापदाची खोड सगळ्या भाषेच्या माथी मारली जाईल. म्हणून आजचे अभ्यासक कोणती वाक्ये कोणत्या व्यक्तीची आहेत आणि कोणत्या क्रियापदाची आहेत, याचा हिशेब गणितातच वेगळा ठेवतात. ज्या संग्रहात बोलणाऱ्याची नोंदच नाही, तो कितीही मोठा असला तरी या कामाला अपुरा पडतो.

महाराष्ट्रात भाषेचे नमुने गोळा करण्याची परंपरा जुनी आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेणे ही त्या सर्वेक्षणाची मुख्य रीत होती. तुलनेसाठी ती सोयीची होती, पण भाषांतर करणाऱ्याचे वाक्य मुळातल्या वाक्याच्या साच्यात ओतले जाते, त्यामुळे बोलणाऱ्याची स्वतःची निवड त्यातून कमीच दिसते. अ. मा. घाटगे यांनी 1963 पासून प्रसिद्ध केलेल्या मराठी बोलींच्या मालिकेत ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र खंड मिळाला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात गावोगावच्या लोकांना बोलते करून ध्वनिमुद्रण केले गेले आणि एकेका व्याकरणिक रूपाचा नकाशावर माग काढला गेला. ग्रियर्सनच्या रीतीपेक्षा ही वाट वाक्यनिर्मितीच्या अभ्यासाला कितीतरी जवळची आहे.

संगणकीय भाषानिधीच्या बाबतीत तर महाराष्ट्राने फार लवकर पाऊल टाकले होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ उभा केला. 1978 साली छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे 500 उतारे घेऊन, अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या भाषानिधीच्या धर्तीवर रचलेला हा दहा लाख शब्दांचा संग्रह 1986 साली खुला झाला आणि भारतीय इंग्रजीवर काम करणारे परदेशी अभ्यासकही तो वापरत आले. मराठीसाठी 1990 च्या दशकात केंद्र सरकारच्या योजनेतून डेक्कन कॉलेजकडे भाषानिधीचे काम आले. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2022 साली जाहीर केलेल्या ‘महाकॉर्पस’मध्ये तर 2 कोटी 48 लाख वाक्ये आणि 28 कोटी 90 लाख शब्द आहेत.

हे आकडे पाहून समाधान वाटावे, पण ते पुरते खरे ठरत नाही. महाकॉर्पसमधली वाक्ये इंटरनेटवरच्या बातम्या व इतर मजकुरातून घेतलेली, म्हणजे लिहिलेली आहेत. शिवाय वाक्यातला कर्ता कोणता, कर्म कोणते आणि कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे, हे प्रत्येक वाक्यावर तपासून नोंदवलेले असल्याशिवाय वर सांगितलेली मोजणी विश्वासाने करता येत नाही. अशा नोंदी केलेल्या संग्रहाला ट्रीबँक म्हणतात. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील मराठीच्या ट्रीबँकेत 466 वाक्ये आहेत, त्यांतली बहुतेक विकिस्रोतावरच्या गोष्टींतली. त्याच प्रकल्पातील हिंदीच्या ट्रीबँकेत 16,647 वाक्ये आहेत. एखादी रचना शंभर वाक्यांत एकदा येत असेल, तर मराठीच्या संग्रहात ती चार-पाच वेळाच भेटणार, आणि चार-पाच उदाहरणांवर कोणतेही संख्याशास्त्र उभे राहत नाही.

हिंदीकडे एवढी सामग्री असल्यामुळे काय साधते, हेही पाहण्यासारखे आहे. जपानीसारख्या क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेत लोक लांब पदसमूह आधी आणि आखूड नंतर ठेवतात, असे हिरोको यामाशिता व फ्रँकलिन चँग यांनी 2001 साली दाखवले होते. इंग्रजीत कल याच्या उलट असतो. ‘काल बाजारातून आणलेली ती हिरव्या काठाची साडी तिने आईला दिली’ हे वाक्य मराठी कानालाही ‘तिने आईला काल बाजारातून आणलेली ती हिरव्या काठाची साडी दिली’ यापेक्षा मोकळे वाटते. हिंदीच्या शब्दक्रमावर सिद्धार्थ रंजन, राजकृष्णन राजकुमार आणि सुमीत अग्रवाल यांनी केलेल्या कामातून मात्र असे दिसले की नुसत्या लांबीपेक्षा, आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द किती अपेक्षित वाटतो, याचा प्रभाव अधिक आहे. मराठीत हेच खरे आहे का, हा साधा प्रश्न सामग्रीअभावी खोळंबला आहे. त्यातही बोलताना मराठी माणूस ‘सांगितलं मी तिला कालच’ असे क्रियापदानंतर बरेच काही ठेवतो, आणि वर्तमानपत्री मराठीत ते जवळजवळ येत नाही. म्हणजे लिखित संग्रह वाढवूनही हा भाग रिकामाच राहील.

या रिकाम्या जागेचे महत्त्व विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी विशेष जाणवते. कर्जतच्या दिशेने जाताना कल्याणनंतर लागणारे हे पहिले स्थानक, आणि त्याला लागून असलेले उल्हासनगर हे 1949 साली, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर, सिंधी निर्वासितांसाठी वसवलेले शहर. आसपासच्या गावांतली आगरी आणि कोळी बोली, राज्याच्या इतर जिल्ह्यांतून कामासाठी आलेल्यांची मराठी, सिंधी आणि मुंबईची हिंदी या परिसरात रोज एकमेकींच्या कानावर पडतात. ‘मला मदत कर’ याऐवजी ‘माझी मदत कर’ असे म्हटले जाते आणि तो हिंदीचा परिणाम आहे, अशी तक्रार मराठी वाचकांनी पुष्कळदा वाचली असेल. ती खरी असू शकते, पण मोजल्याशिवाय ती केवळ तक्रार राहते. विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यातले आणि हिंदीचा संपर्क कमी असलेल्या एखाद्या तालुक्यातले समवयस्क लोक घेऊन, त्यांच्या मोकळ्या गप्पांत दोन्ही रचना किती वेळा येतात, एकच माणूस घरात एक आणि बाजारात दुसरी वापरतो का, समोरच्याने नुकतीच जी रचना वापरली तीच उत्तरात उमटते का, हे तपासले, तर हिंदीचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे वेगळे करून दाखवता येईल. संपर्कातून भाषा बिघडते की आणखी एक पर्याय मिळवते, या वादाला तेव्हाच काही आधार लाभेल.

असे काम मोठ्या निधीवाचून सुरू होऊ शकते. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर भागातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपापल्या वस्तीतली संभाषणे, बोलणाऱ्यांची रीतसर संमती घेऊन आणि नावे वगळून, ध्वनिमुद्रित करायला सांगावीत. प्रत्येकाचे वय, शिक्षण, घरची भाषा आणि मूळ तालुका यांची नोंद ठेवावी. तासाभराचे बोलणे कागदावर उतरवायला कित्येक तास लागतात, हे खरे आहे, पण ते कष्ट दुसरे कोणी करणार नाही. उतरवून घेताना मात्र अडखळणे, अर्धवट सोडलेले शब्द, मध्येच केलेल्या दुरुस्त्या आणि ‘माझी मदत कर’सारखी रूपे जशी ऐकू आली तशीच ठेवावीत, ती शुद्ध करून लिहू नयेत.