साधनचिकित्सा आणि माहिती-साक्षरता : नंदुरबार जिल्ह्यातील ग्रंथालयांच्या संदर्भात

१. संज्ञा आणि तिचा विस्तार

‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा मराठीत ग्रंथालयशास्त्राच्या वाटेने आली. अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी ती १९७४ मध्ये योजिली, तेव्हा तिचा रोख कामकाजासाठी लागणारी माहिती शोधण्याच्या व वापरण्याच्या कौशल्यावर होता. पुढे वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांच्या चिकित्सक ग्रहणाचा विचार ‘माध्यम-साक्षरता’ या नावाने स्वतंत्रपणे वाढला. युनेस्कोने २०११ मध्ये शिक्षकांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. समोर आलेले विधान कोणी केले, कशाच्या आधारे केले, कोणत्या हेतूने केले आणि ते पडताळावे कसे, या चार प्रश्नांची सवय म्हणजे ही साक्षरता, अशी तिची कामापुरती व्याख्या करता येईल.

मराठीच्या अभ्यासकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. पाठचिकित्सा आणि साधनचिकित्सा या नावांनी आपण ते दीर्घकाळ विचारीत आलो आहोत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात ग्रंथालयांनी जे शिकवावयाचे आहे त्याचा पाया आपल्याच विद्याशाखेत उपलब्ध आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रदेशाची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. भिल्ली, पावरी, मावची, अहिराणी, गुजराती अशा अनेक बोली व भाषा येथे नांदतात. शाळेची आणि कचेरीची मराठी ही अनेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते.

याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार क्रमांकपत्रे देण्यात आली. माहितीयुगाची एक मोठी राष्ट्रीय योजना अशा रीतीने सर्वांत कमी साक्षरतेच्या जिल्ह्यातून सुरू झाली. यंत्र आधी आले, त्याची चिकित्सा करण्याचे शिक्षण मात्र त्या वेगाने आले नाही, असेच म्हणावे लागेल.

या अंतराची किंमत किती असू शकते हे शेजारच्या धुळे जिल्ह्यात १ जुलै २०१८ रोजी दिसले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळविणारी टोळी समजून ठार केले. या संशयामागे भ्रमणध्वनींवरून पसरलेल्या अफवा होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. या उपायाने अफवेचा वेग मंदावेल. ती ओळखण्याची शक्ती मात्र त्यातून येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. डवरी गोसावी कोण, ते गावोगाव का हिंडतात, याचे ज्ञान मराठीत होते. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी नाथ संप्रदायाचा सविस्तर शोध घेतलेला आहे. एखादे पुस्तक जमावाला आवरू शकले असते असा दावा कोणी करू नये. परंतु कपाटातील ज्ञान आणि बाजारातील अफवा यांची कोठेही गाठ पडत नाही, ही स्थिती ग्रंथालयाच्या कार्यकक्षेतील आहे, हे नाकारता येणार नाही.

३. यंत्रनिर्मित मजकुराचे स्वरूप

अफवेला निदान पाठविणारा तरी असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून ज्याला नेमका कर्ता नाही असा मजकूर विद्यार्थ्यांच्या हाती येऊ लागला. ही भाषिक प्रारूपे अफाट लेखनसंग्रहातील शब्दांचे परस्परसंबंध शिकतात आणि दिलेल्या वाक्यानंतर कोणता शब्द संभवतो याचा अंदाज करीत मजकूर रचतात. काही साधनांना आता महाजालावर शोध घेण्याची जोड मिळाली आहे. तथापि वाक्य सुघटित असणे आणि ते सत्य असणे यांत अंतर राहतेच. अस्तित्वात नसलेला ग्रंथ लेखक, प्रकाशक व वर्षासह सांगितला जातो तो यामुळेच. संभाव्य संदर्भ कसा दिसतो हे यंत्राला ठाऊक असते. तो ग्रंथ कोणी छापला होता की नाही, हे केवळ त्या अंदाजातून कळत नाही.

ज्या भाषेत लिखित मजकूर थोडा, तिच्याविषयी हा अंदाज अधिक दुबळा होतो. २०११ च्या जनगणनेत भिल्ली गटाच्या भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक होती, पण छापील भिल्ली त्या मानाने अत्यल्प आहे. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतरसाधन प्रायोगिक स्वरूपात आणले, त्यात भिल्लीचा समावेश आहे. हा प्रयत्न स्वागतार्ह होय. तरीही एका प्रदेशाची भिल्ली दुसऱ्या प्रदेशाच्या भिल्लीशी सर्वस्वी जुळत नाही, ही तपासणी बोलणाऱ्या माणसांनाच करावी लागेल.

४. पडताळणीचे पाठ

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. अस्सल कागद हाती असल्याविना विधान करू नये, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. त्यांच्या निधनानंतर धुळे येथे त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ नंदुरबारच्या अभ्यासकाला जवळचे आहे. त्याही मागे गेल्यास, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठशुद्धी करणारे एकनाथ भेटतात. अनेक प्रती, त्यांची तुलना आणि निवडीचे कारण ही पद्धती आजही पुरेशी आहे.

महाविद्यालयीन ग्रंथालयाला ती दोन साध्या पाठांतून शिकविता येईल. पहिला पाठ संदर्भाचा. यंत्राने समजा १९२६ सालचा एखादा मराठी ग्रंथ सुचविला. विद्यार्थ्याने शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. तीत १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत. नोंद मिळाली तर लेखक, वर्ष व प्रकाशक ताडून पाहावेत आणि नंतर प्रत्यक्ष ग्रंथ शोधावा. नोंद न मिळाल्यास ग्रंथ नव्हताच असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण कोणतीही सूची निर्दोष नसते. परंतु प्रत हाती येईपर्यंत तो संदर्भ प्रबंधात घेऊ नये. सिद्ध, असिद्ध आणि अनिर्णित यांतला फरक विद्यार्थ्याच्या लक्षात येणे हे या पाठाचे खरे फलित होय.

दुसरा पाठ स्थानिक घटनेचा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सहकारी कामी आले. या घटनेचे यंत्राकडून मिळालेले वर्णन, गॅझेटियर आणि तत्कालीन वृत्तपत्रे शेजारी ठेवून प्रत्येक तपशील कोठून आला हे विद्यार्थ्याने लिहावे. ‘नंदुरबार जिल्हा’ या नावाखाली १९४२ चे काहीच सापडणार नाही, हे त्याला प्रथम उमगेल. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर हा भाग पश्चिम खानदेशात होता, पुढे तो धुळे जिल्ह्यात आला आणि १९९८ नंतर स्वतंत्र झाला. शोधाचा शब्द काळानुसार बदलावा लागतो, हे ज्ञान यंत्र वापरणाऱ्यालाही तितकेच आवश्यक आहे.

५. ग्रंथालयाचे दुसरे कर्तव्य

चिकित्सेबरोबर साधननिर्मितीही ग्रंथालयाकडे येते. सातपुड्यातील गीते, कथा आणि विधिनाट्ये मुख्यतः मुखपरंपरेत आहेत. सांगणाऱ्याची संमती, गाव, बोली, दिनांक आणि संग्राहक यांची नोंद ठेवून ध्वनिमुद्रण जतन केले तर यंत्राने ‘भिल्ली लोकगीत’ म्हणून काहीही पुढे केले तरी ते ताडून पाहण्यास आधार राहील. अशा नोंदी नसतील तर काही वर्षांनी अस्सल आणि रचलेले यांत भेद करणे अवघड होईल, आणि हानी ज्यांची ती परंपरा त्यांचीच होईल.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि शासनमान्य ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली गेली. तुटपुंज्या मनुष्यबळावर चालणाऱ्या ड वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयाकडून हे सर्व काम अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. मराठी विभागांनी येथे पुढे यावे. पदव्युत्तर वर्गाच्या संशोधनपद्धतीच्या तासिकांपैकी काही तासिका ग्रंथालयात, ग्रंथपालाच्या सहकार्याने व्हाव्यात; आणि त्याच विद्यार्थ्यांनी बाजाराच्या दिवशी गावच्या ग्रंथालयात बसून, आलेला संदेश कसा तपासावा हे लोकांना त्यांच्या बोलीत सांगावे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे एक सूत्र आहे. आज त्या ग्रंथासोबत तो पारखण्याची रीतही वाचकाला मिळाली पाहिजे. राईनपाड्याची घटना स्मरता, हा प्रश्न केवळ विद्यापीठीय शिस्तीचा राहत नाही. ज्या समाजात ‘हे तुला कोणी सांगितले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय रुजते, तेथे परक्या माणसाचा जीवही अधिक सुरक्षित असतो.