गादी डॉक्टर शिवतात, पाय आपण उभा करायचा

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गुडघ्याला विसावा नाही. निंदण असो की सोयाबीनची सोंगणी, काम उकिडवं बसूनच. तरुण पोरांची संध्याकाळ कबड्डीच्या मैदानावर. माझ्या भाच्याचा पाय चढाई करताना मैदानात रोवलेलाच राहिला आणि अंग तेवढं फिरलं. गुडघा सुजला, मध्येच अडकू लागला. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, ‘गादी फाटली आहे.’

मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्याच या गाद्या. अंगाचा भार त्या झेलतात आणि हाडं घासू देत नाहीत. छत्रपती संभाजीनगरला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. बारीक छिद्रांतून एकीकडे कॅमेरा, दुसरीकडे अवजार. फाटलेली गादी या पद्धतीने पहिल्यांदा कातरली ती १९६२ साली, टोकियोत, मासाकी वातानाबे यांनी. पूर्वी त्यासाठी गुडघा उघडावा लागे.

जखम लहान म्हणून दुखणंही लहान, असा समज गावात पक्का असतो. ‘दोन टाक्यांचं तर काम, आठ दिवसांत शेतात येईल,’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा. खाटेवरचं चित्र निराळं होतं. फिजिओथेरपिस्टने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली. भाच्याने दात-ओठ खाल्ले, पण मांडी हलली नाही. ‘मामा, पाय माहा हाय, पन आयकत नाही,’ तो म्हणाला. सांध्यात सूज आणि पाणी असलं की तिथल्या मज्जातंतूंच्या संदेशांमुळे मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो. ताकद असूनही तो कामाला लागत नाही आणि पाहता पाहता वाळू लागतो. फिजिओथेरपिस्टने गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि त्या म्हणाल्या, ‘इथे लक्ष दे.’ बऱ्याच वेळाने बोटांखालची कातडी किंचित थरथरली. बरं होणं तिथून सुरू झालं.

पुढे रोज तेच. घोटा वर-खाली करायचा, टॉवेल दाबायचा, सरळ पाय उचलून धरायचा, टाच अंथरुणावरून हळूहळू मागे ओढायची. सूज वाढली की बर्फ, आणि पाय उशीवर उंच.

गादी कातरली की शिवली, यावर पुढचा काळ ठरतो. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली चीर शिवता येते. आतला भाग भरून येत नाही. तो बहुधा कातरावा लागतो. कातरलेला रुग्ण लवकर चालू लागतो. शिवलेल्याला काही आठवडे पट्टा आणि कुबड्या, आणि उकिडवं बसणं चार-सहा महिने बंद. भाच्याची गादी शिवली होती. मग घरच बदलावं लागलं. संडासात कमोडची खुर्ची आली, जेवणाचं ताट खाटेवर आलं. तेल चोळायला येणाऱ्यांना हात जोडले. पोटरी दुखून सुजली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश नाही, तातडीने डॉक्टर गाठायचा. ताप आला किंवा टाक्यांतून पू आला तरीही तेच.

चाळिशी-पन्नाशीनंतरची झिजून फाटलेली गादी हा वेगळा विषय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिनलंडमधल्या संशोधकांनी अशा काही रुग्णांची गादी कातरली आणि बाकीच्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. म्हणून शेतात राबलेल्या आईचा गुडघा दुखतो म्हटल्यावर लगेच दुर्बिणीचा हट्ट धरू नये. गुडघा अडकत नसेल, तर आधी काही महिने नेमाने व्यायाम करून पाहावा.

शस्त्रक्रिया साधारण तासाभरात आटोपते; पुढचे महिने रुग्णाचे आणि घरच्यांचे असतात. म्हणून घरच्यांना एवढंच सांगणं आहे: ‘कधी उठणार?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज व्यायाम झाला का?’ असं विचारा. आणि दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाल्याचं डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट तपासून सांगत नाहीत, तोवर पोराला मैदानावर पाठवू नका.