पुस्तकातून हातात आलेले अश्मयुग

पुस्तक वाचून मिटून ठेवले की बहुतेक वेळा वाचन संपते. पण काही पुस्तके अशी असतात की ती संपल्यावर मूल कात्री शोधू लागते, आईकडे जुन्या कपड्याचा तुकडा मागते आणि कोळशाने स्वतःच्या गालावर रेघा ओढते. अशाच एका इंग्रजी पुस्तकमालेची आणि तिच्या वाचकांनी केलेल्या चित्रांची व हस्तकलेची ओळख आज आम्ही कुटुंबातील सर्वांना करून देत आहोत.

मालेचे नाव ‘क्रॉनिकल्स ऑफ एन्शंट डार्कनेस’. लेखिका मिशेल पेव्हर. त्यांचा जन्म १९६० साली आफ्रिकेतील मलावी देशात झाला आणि त्या वाढल्या इंग्लंडमध्ये. ऑक्सफर्डला जीवरसायनशास्त्र शिकून त्यांनी लंडनमध्ये वकिली केली आणि पुढे ती सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले. मालेतील पहिले पुस्तक ‘वुल्फ ब्रदर’ २००४ साली निघाले. २००९ पर्यंत सहा पुस्तके झाली. सहाव्या पुस्तकाला २०१० साली ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मग २०२० ते २०२२ या काळात आणखी तीन पुस्तके आली. आता मालेत एकूण नऊ पुस्तके आहेत.

कथा सहा हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातील जंगलात घडते. तेथे शेती नाही, धातू नाही, गाव नाही. बारा वर्षांच्या टोरॅकचा बाप अस्वलाच्या हल्ल्यात मरतो. पोरका टोरॅक आणि तसेच पोरके लांडग्याचे पिल्लू एकमेकांचा आधार होतात. पुढे डोमकावळ्याच्या कुळातील रेन ही तिरंदाज मुलगी त्यांना येऊन मिळते. प्रत्येक कुळाचा एक प्राणी ठरलेला आहे, आपल्याकडे पूर्वी देवक मानीत तसा. त्या प्राण्याच्या कातड्याचा तुकडा किंवा पीस अंगावर वागवायचे आणि कुळाची खूण तोंडावर गोंदून घ्यायची, अशी तेथील रीत.

वाचकांच्या हस्तकलेची सुरुवात बहुधा या गोंदणापासूनच होते. लांडग्याच्या कुळाची खूण म्हणजे गालावर ठिपक्यांच्या दोन ओळी. त्या काढायला रंगांची पेटीही लागत नाही. इंग्लंडमध्ये मार्च महिन्यात पुस्तक दिन असतो आणि त्या दिवशी मुले आवडत्या पात्राचा वेश करून शाळेत जातात. टोरॅक व्हायचे तर तपकिरी सदरा, जुन्या कोटाच्या लोकरीची पट्टी आणि कोळसा एवढे पुरते. कोणी लोकरीचा लांडगा शिवतो, कोणी चिकणमातीचा सुरा करतो, कोणी कागदाच्या लगद्यातून टोरॅकच्या आईचे औषधाचे शिंग घडवतो. मोठी मुले जंगलाचे नकाशे काढतात. पुस्तकातील काळीपांढरी चित्रे जेफ टेलर या चित्रकाराची आहेत आणि ती गिरवता गिरवता अनेकांचा हात वळतो.

२०१४ पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात अश्मयुगाचा समावेश झाला आणि ‘वुल्फ ब्रदर’ अनेक वर्गांत वाचले जाऊ लागले. त्यामुळे ही कारागिरी घरातून वर्गातही आली.

हा सगळा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. पण खरे अश्मयुगीन लोक काय करीत होते ते पाहा. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात स्टार कार नावाची जागा आहे. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी तेथे तळ्याकाठी शिकारी लोक राहत. १९४९ ते १९५१ या काळात तेथे उत्खनन झाले. हरणाच्या कवट्या शिंगांसह कोरून, त्यांना भोके पाडून केलेले शिरोभूषण तेथे वीसहून अधिक सापडले. २०१५ साली तेथेच दगडाचे एक चिमुकले लोलक मिळाले. त्यावर बारीक रेघा कोरलेल्या आहेत. म्हणजे पोटाची विवंचना रोजची असूनही माणूस प्राण्याचे रूप घेत होता, गळ्यात नक्षी घालत होता. आजचे मूल तेच करते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेखिकेने ऐकीव माहितीवर लिहिले नाही. त्या फिनलंडच्या जंगलात हिंडल्या, रेनडिअरच्या कातड्यावर झोपल्या, लांडगे जवळून पाहिले. त्यामुळे पुस्तकात श्रम खरे उतरले आहेत. मारलेल्या जनावराचे काहीही वाया घालवायचे नाही, हा तेथील मोठा नियम. कातड्याचे कपडे, पोटाची पखाल, नसांची तात, हाडांच्या सुया. वाचक यातली एखादी वस्तू करायला बसला की त्याला कळते, साधी दोरी वळणे हेसुद्धा शिकावे लागते.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. रद्दीच्या दुकानातून या मालेतील एक जुने पुस्तक आम्ही आणले. ते वाचून आमच्या मुलीने गोणपाटाचे सूत काढून माळेसाठी दोरी वळायला घेतली. दोरी पुन्हा पुन्हा उसवत होती. शेवटी तिचे आजोबा खाटेवरून उठले, खाली बसले आणि मांडीवर हाताने सूत वळून त्यांनी पाच मिनिटांत दोरी करून दिली. लहानपणी गावी दुसऱ्याच्या गोठ्यातील गुरांसाठी अंबाडीची दावी वळली, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. इतकी वर्षे का सांगितले नाही, असे मुलीने विचारले. ‘त्यात काय सांगायचं?’ एवढेच ते म्हणाले.

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. पुस्तकातील जंगलात कातडे खरवडणारा खालचा आणि ते पांघरणारा वरचा, अशी उतरंड नाही. आपल्याकडे मात्र मेलेले ढोर ओढणारा आणि कातडे कमावणारा गावाबाहेर राहिला. त्याच कातड्याची वहाण घालणारा आणि मोटेचे पाणी पिणारा शुद्ध ठरला. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. लादलेली कामे समाजाने टाकली, ते योग्यच झाले. ती वेठ होती, तिचे गोडवे कोणी गाऊ नयेत. पण दोष वेठीत होता, हाताच्या कसबात नव्हता. वेठीबरोबर आपण कसबाचीही लाज बाळगू लागलो काय, याचा विचार व्हावा. कार्यानुभवाच्या तासाला दुकानातली तयार वस्तू देऊन मुलाला शाळेत धाडतो, तेव्हा आपण त्याला काय शिकवतो?

आणि हा वारसा केवळ युरोपचा नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडला आहे. तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. ज्या हातांनी ते कवच घासून मणी केला, त्या हातांची जात कोणी विचारली नव्हती.

तेव्हा पालकहो, येत्या सुट्टीत मुलांना एखादे साहसाचे पुस्तक वाचायला द्या. नवे घेणे परवडत नसेल तर वाचनालयातून आणा. वाचून झाले की जुने वर्तमानपत्र, गोणपाट, चिंचोके, माती एवढे त्यांच्यापुढे ठेवा. खरे कातडे किंवा हाड लागत नाही. पसारा होईल, तो होऊ द्या. आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना शेजारी बसवा. त्यांच्या हाताला काय काय येते, ते एकदा विचारा. आमच्या मुलीची माळ अजून खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यातील मणी मातीचे आहेत, दोरी आजोबांची आहे.