उपचार संपले, आता पलंगावरून उठा

केमोथेरपीचा शेवटचा डोस घेऊन घरातली बाई परत येते आणि सगळे घर तिच्याभोवती गोळा होते. सासूबाई बजावतात, "पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नकोस." दीर बाजारहाट करतात. गावाहून डिंकाचे लाडू येतात. कुटुंब दिल्लीतल्या द्वारकेत स्थायिक झालेले असो की पुण्यातले, चित्र हेच. यात माया आहेच. पण महिने उलटले तरी ती झोपूनच असेल, तर हीच माया तिला महागात पडू शकते.

२०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचा. आरोग्याची माहितीपुस्तिका सर्वांनाच दिली होती. मात्र निम्म्यांना तीन वर्षे व्यायामासाठी मार्गदर्शकही दिला. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणारे पुस्तिकेच्या गटात सुमारे ७४ टक्के होते, तर मार्गदर्शकाच्या गटात ८०. म्हणजे नुसते वाचून भागले नाही, सोबतीला माणूस लागला! आणि व्यायाम तरी कसला? आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भराभर चालले तरी चालण्यासारखे होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगासनांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले, तेही योगाच्या बाजूचेच.

द्वारकेत उद्याने पुष्कळ आहेत, पण हिवाळ्यात पहाटेची हवा धुरकट असते. अशा वेळी पाचलाच फिरायला जाण्याचा हट्ट कशाला? ऊन वर आल्यावर, हवा पाहून निघा. फारच वाईट असेल तर खिडक्या लावून घरातच फेऱ्या घाला. सुरुवातीला दहा मिनिटेही पुरतात. रोग हाडांत पसरला असेल, हिमोग्लोबिन उतरले असेल किंवा धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आहाराचेही तसेच. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर अनेकींचे वजन वाढते, त्यात लाडवांची भर नको. उलट शेजारणीच्या सल्ल्याने दूध-भात सोडून गव्हांकुराच्या रसावर राहणेही घातकच. वरण, उसळ, दही, अंडे, भाजी, भाकरी हे रोजचेच जेवण वेळेवर घ्या. मिश्री, तंबाखू मात्र कायमची बंद. घरातल्या पुरुषांच्या सिगारेटीसुद्धा.

रविवारी कुकर दिरांनी लावावा, आणि नवऱ्याने चपला घालून तिच्याबरोबर जिना उतरावा.