चिमूटभर तंबाखू आणि कच्चे मन

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावर इंदूरच्या गाडीची वाट पाहत बसलो असता शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी खिशातून पुडी व चुन्याची डबी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळली, वर दोन थापट्या मारल्या आणि ती चिमूट खालच्या ओठामागे ठेवून दिली. घर मराठीच, पण कित्येक पिढ्या माळव्यात गेलेल्या. बोलता बोलता ते म्हणाले, "मास्तर, गेल्या वर्षी सोडली होती. चौथ्या दिवशी पुन्हा हात डबीकडे गेला. मनच कच्चे, दुसरे काय!" मग ओठ किंचित ओढून त्यांनी आतला पांढरा चट्टा दाखविला आणि विचारले, "हे काही वाईट तर नसेल ना?"

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातील प्रौढांपैकी शेकडा २८, तर महाराष्ट्रातील शेकडा २४ जण धूर न काढता तंबाखू सेवन करणारे आढळले. कोणी ती चुन्याशी मळतो, कोणी गुटख्यातून खातो, तर आपल्याकडील कित्येक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावतात. धूर नाही म्हणून धोका नाही, अशी समजूत मात्र सर्वत्र एकच.

ही समजूत खोटी असल्याचे आपल्याच एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात खैनीच्या कर्करोगाचे वर्णन केले. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठामागे जेथे ठेवावयाची, तेथेच हा रोग उद्भवत होता. म्हणून त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की, चट्टा चांगला की वाईट हे मास्तरांनी ठरवावयाचे नसते. याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवा. तंबाखू सोडल्यावर असे पुष्कळसे चट्टे ओसरतात, पण तपासणी टाळणे योग्य नव्हे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, यांनाही हाच नियम लागू आहे.

आता कच्च्या मनाविषयी. तंबाखूत दोन निरनिराळे शत्रू एकत्र नांदतात. कर्करोग घडविण्यात मुख्य वाटा असतो तो नायट्रोसामाइन नावाच्या द्रव्यांचा. पान सुकविताना व मुरविताना ती तयार होतात. निकोटीनचे काम वेगळे. ते माणसाला बांधून ठेवते. पहिला शत्रू मारतो आणि दुसरा त्याच्या दारातून हलू देत नाही.

येथे चुन्याचे काय काम, असे आपण विचाराल. चुना क्षारधर्मी असल्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होते आणि ओठाच्या कोवळ्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. तेथून ते मेंदूस पोहोचते व तरतरी आल्याचा भास होतो. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते आणि मेंदू पुढची चिमूट मागू लागतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला तंबाखू लागते, त्याची गाठ घट्ट बसली आहे असे समजावे. यात चारित्र्याचा दोष शोधणे म्हणजे ताप आलेल्यास आळशी म्हणण्यासारखे आहे.

सोडल्यानंतर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव हे सारे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांशी निवळते. म्हणजे आमचे हे गृहस्थ चौथ्या दिवशी परतले, ते सर्वांत अवघड चढण चढून गेल्यावर! मी स्वतः अकरा वर्षे खिशात पुडी बाळगली होती. वर्गात एका मुलाने विचारले, "सर, तुमच्या हाताला खडू लागलाय की चुना?" त्या दिवशी मी सोडली, तरी ती खरोखर सुटली तिसऱ्या प्रयत्नात.

त्या प्रयत्नात डॉक्टरांनी मला निकोटीनची चघळगोळी दिली. विषावर पुन्हा तेच विष, हे रोगापेक्षा औषध भयंकर नव्हे काय, अशी शंका मलाही आली होती. निकोटीन निरुपद्रवी नाही. ते हृदयाची गती व रक्तदाब वाढविते, गर्भास अपाय करते आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास विषबाधा होते. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय गोळी घेऊ नये, आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. तंबाखूबरोबर निकोटीन तर येतेच, शिवाय कर्करोगाची द्रव्येही येतात. गोळीत ठरावीक निकोटीन असते, ते हळूहळू उतरते, आणि मात्रा कमी करीत ती बंद करता येते. ती सुपारीसारखी सतत चावू नये. जरा चावून गालात धरावी. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, कारण तोंड आम्लधर्मी झाले की निकोटीन शोषले जात नाही. चुन्याच्या नेमके उलट!

केवळ गोळीने मात्र काम भागत नाही. सोडण्याचा दिवस ठरवावा, घरच्यांना सांगावा, डबी व पुडी घराबाहेर काढावी. तलफ काही मिनिटांचीच पाहुणी असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, चार पावले चालावे. एखादे दिवशी चूक झाली तरी सारे संपले असे मानू नये.

मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ रोजी देशात सर्वप्रथम गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. पण पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन खाणारा त्या हातावर एकत्र करतोच. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. तळहातापर्यंत आपणच पोहोचावयाचे असते.

गाडी लागली तेव्हा मी त्या गृहस्थांना त्यांचीच पुडी उलटून दाखविली. भीषण चित्राजवळ तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी विनामूल्य दूरध्वनी क्रमांक छापलेला होता : १८००-११-२३५६. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो मला मोठ्याने वाचावयास सांगितला आणि आपल्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला.