बीजाणूंची साक्ष

पावसाची झड लागली की नशिराबादच्या शिवारात, बांधावर, उकिरड्यावर, केळीच्या कुजक्या पाल्यात रातोरात छत्र्या उगवतात. खायची कोणती, याचे ठोकताळे घरोघरी असतात: किड्यांनी कुरतडलेली चालते, शिजवताना चांदीचं नाणं काळं पडलं नाही तर चालते. यातला एकही भरवशाचा नाही. छत्रीचा रंग पावसात धुपतो, आकार वयाबरोबर बदलतो. त्या मानाने पक्के राहतात ते बीजाणू.

बीजाणूंवरून छत्री ओळखायची पहिली पायरी स्वयंपाकघरातही जमते. देठ कापायचा, छत्री पात्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळी बीजाणूंच्या भुकटीचा ठसा उमटतो. पेंढ्यावर, केळीच्या पाल्यावर वाढणाऱ्या, खाण्याजोग्या व्होल्व्हारिएलाचा ठसा गुलाबी. जीवघेण्या अमॅनिटा फॅलॉइडिसचा पांढरा. दोघींच्या बुडाशी पिशवी असते. म्हणूनच आग्नेय आशियातून अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेली माणसं ओळखीची समजून दुसरीच खाऊन बसली. हिरवळीवर उगवणाऱ्या विषारी क्लोरोफायलमच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या दिसतात. तिचा हिरवट ठसा मात्र तिला उघडी पाडतो.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं. शंभरपटीचं तेलातलं भिंग लावून बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. व्होल्व्हारिएलाचे बीजाणू गुळगुळीत, अंडाकृती. रुसुलाचे काटेरी किंवा जाळीदार. गॅनोडर्माचे दुहेरी भिंतीचे, एका टोकाला छाटलेले. कोंब फुटायचं छिद्र आहे का, तेही पाहतात. मग आयोडीन असलेला मेल्झरचा द्राव: त्यात काही बीजाणू निळे-काळे होतात, काही तांबूस, काही तसेच राहतात. वाळवून ठेवलेल्या जुन्या नमुन्याच्या पातीचा तुकडाही सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवून असा तपासता येतो.

महाराष्ट्रातल्या छत्र्यांची अशी नोंद साठे आणि देशपांडे या संशोधकांनी १९८० मध्ये केली. ती प्रसिद्ध केली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची संशोधनशाखा आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

बीजाणू कूळ सांगतात, जात ठरवायला मदत करतात. विष आहे की नाही, हे थेट सांगत नाहीत. जवळच्या जातींसाठी आता डीएनए तपासावा लागतो. तेव्हा ठशाच्या भरवशावर रानातली छत्री ताटात घेऊ नका. आणि कुणाला खाऊन त्रास झालाच, तर लगेच दवाखाना गाठा. उरलेली छत्री बुडासकट कागदात गुंडाळून सोबत न्या.